पहिली ते तिसरीच्या मुलांना धावणे, लंगडी, फेकणे, झेलणे शिकवायचे कसे? (शाळेत पीटीचे शिक्षक नाहीत)

खानापूरच्या बाई

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी नली-कलीचा (पहिली ते तिसरीची मुले एकत्र बसवून कृतीतून शिकवण्याची कर्नाटकातील पद्धत) वर्ग घेते. पहिली, दुसरी आणि तिसरी मिळून 27 मुले आहेत. शाळेत आम्ही दोघेच शिक्षक असून पीटीसाठी स्वतंत्र नेमणूक नाही, त्यामुळे खेळाचा तास माझ्याकडेच आहे. आजवर मी तो प्रामाणिकपणे पण अडाणीपणे घेत आले, म्हणजे शिट्टी वाजवायची, रांगेत उभे करायचे, चार कवायतप्रकार करून घ्यायचे आणि मग मुलांना मोकळे सोडायचे.

यंदा पावसाने पटांगण बंद पडल्यामुळे मुलांना व्हरांड्यात घेतले आणि जुन्या साडीच्या चिंध्यांचा चेंडू करून भिंतीवर मारायला सांगितले. तेव्हा पहिल्यांदाच एकेका मुलाकडे नीट पाहणे झाले. दुसरीतली एक मुलगी लंगडीत सगळ्यांना हरवते, पण चेंडू फेकताना भिंतीकडे सरळ तोंड करून, दोन्ही पाय जमिनीला खिळवून, कोपरातून नुसता हात झटकते आणि चेंडू चार हातांवर पडतो. धावण्याच्या शर्यतीत हमखास पहिला येणारा तिसरीतला मुलगा डाव्या पायावर सलग तीन वेळाही लंगडी घालू शकत नाही. चेंडू अंगावर आला की निम्मी मुले डोळे मिटून मान फिरवतात. ही मुले रोज दोन-दोन किलोमीटर चालत येतात, झाडावर चढतात, तरी असे का व्हावे हे मला कळले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. या हालचाली मुलांना वयानुसार आपोआप येतात, की अक्षरांसारख्या शिकवाव्या लागतात? शिकवायच्या असतील तर आधी काय आणि मग काय? सामान म्हणून माझ्याकडे दोन चेंडू, एक दोरी आणि फक्कीची अर्धी गोणी एवढेच आहे. आणखी एक, हाताशी असलेल्या पुस्तिकेत ‘स्किपिंग’ शिकवावे असे लिहिले आहे, परंतु तिथले चित्र दोरीवरच्या उड्यांचे वाटत नाही. ते नेमके काय आहे?

निपाणीकर (निवृत्त पीटी शिक्षक)

बाई, तुम्ही व्हरांड्यात जे पाहिले ते पाहायला मला नोकरीची पहिली दहा वर्षे लागली, कारण माझे सगळे लक्ष संघ निवडण्याकडे असे. जो पळतो त्याला घ्यायचे आणि जो पळत नाही त्याने कडेला बसून टाळ्या वाजवायच्या, असा तो काळ होता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की या हालचालींचा कच्चा आराखडा वयाबरोबर येतो, पण पक्के रूप आपोआप येत नाही. दोन वर्षांचे मूल धावू लागते, त्यानंतर दोन्ही पायांनी उडी मारते, साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास एका पायावर उड्या घेऊ लागते. हा क्रम बहुतेक मुलांत सारखा असतो, वेळ मात्र मागे-पुढे होते. पुढे ती हालचाल सफाईदार होण्यासाठी सराव, जागा आणि चूक दाखवणारे कोणीतरी लागते. ते मिळाले नाही तर मूल सहा वर्षांच्या मुलासारखेच फेकत मोठे होते आणि चाळिशीतही तसेच फेकते. व्हर्न सीफेल्ट या अमेरिकन अभ्यासकाने 1980 मध्ये याला कौशल्याचा अडथळा म्हटले होते. मूलभूत हालचाली कच्च्या राहिल्या की पुढच्या खेळांत शिरणे अवघड होते, असा त्याचा आशय आहे. पाचवी-सहावीत खो-खो किंवा क्रिकेटमधून हळूच अंग काढून घेणारी मुले आठवा. त्यांना आपण आळशी म्हणतो, पण पुष्कळदा त्यांना फेकता-झेलता येत नसते आणि चारचौघांत ते उघडे पडू नये म्हणून ती बाजूला होतात.

आता क्रमाचे पाहू. या कौशल्यांचे ढोबळ तीन गट करतात. एक, जागा बदलण्याची म्हणजे धावणे, उडी, लंगडी, झेप, घोडदौड, कडेकडेने सरकणे. दुसरा गट तोल सांभाळण्याचा, त्यात एका पायावर उभे राहणे, वळणे, वाकणे, कोलांटउडी. तिसरा वस्तू हाताळण्याचा, म्हणजे फेकणे, झेलणे, लाथेने मारणे, टप्पे देणे, दांड्याने टोलवणे. हे गट एकामागून एक संपवायचे नसतात. एका तासात प्रत्येक गटातले थोडेथोडे घ्यावे आणि एक कौशल्य मात्र तीन-चार आठवडे धरून ठेवावे.

फेकण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडे सर्वांत दुर्लक्षित तेच आहे. फेकीच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर पाय हलतच नाहीत, तुमची लंगडीवाली मुलगी तिथे आहे. नंतर मूल एक पाऊल पुढे टाकू लागते, पण फेकणाऱ्या हाताच्याच बाजूचे, म्हणजे उजवा हात आणि उजवाच पाय. पुष्कळ शिक्षक इथे ओरडतात. ही चूक नसून प्रगती आहे, कारण पाय हलू लागले. त्यानंतर विरुद्ध पाऊल येते आणि शेवटी कंबर, मग खांदा, मग हात असे शरीर एकामागून एक उलगडत जाते आणि फेकून झाल्यावर हात छातीवरून दुसऱ्या बाजूला उतरतो.

मी शिकवताना तीनच शब्द वापरत असे: ‘कड, पाऊल, फेक’. कड म्हणजे भिंतीकडे शरीराची कड करून उभे राहायचे. पाऊल म्हणजे पुढचे, विरुद्ध बाजूचे पाऊल टाकायचे. या वयाच्या मुलाला याहून जास्त सांगितले की त्यातले काहीच उरत नाही. फक्कीने जमिनीवर दोन पावले काढून ठेवावीत, एक मागचे आडवे आणि एक पुढचे भिंतीकडे तोंड केलेले. मूल त्या पावलांवर उभे राहिले की अर्धे काम होते. एक चूक मी स्वतः वर्षानुवर्षे केली, ती तुम्ही करू नका: सुरुवातीला नेमबाजी लावू नका. डबा पाडायला सांगितले की मूल नेम चुकू नये म्हणून अंग आखडते आणि पुन्हा पहिल्या पायरीवर जाते. ‘भिंतीवर जोरात आपट, आवाज आला पाहिजे’ एवढेच सांगा. जोर लावायचा म्हटले की पाऊल आणि कंबर आपोआप कामाला लागतात. लगोरी पुढे घ्या.

दोन चेंडूंनी मात्र हे होणार नाही. एका फेकीला, उचलून आणण्यासह, 20 सेकंद धरा. एकच चेंडू असेल तर 27 मुलांची एक फेरी व्हायला नऊ मिनिटे लागतात, म्हणजे अर्ध्या तासात मुलाला जेमतेम तीन फेकी मिळतात, दोन चेंडू असले तरी सहाच. इतक्या सरावावर कोणतेच कौशल्य येत नाही. प्रत्येक घरातून एक पायमोजा आणायला सांगा, त्यात चिंध्या कोंबून तोंड शिवून टाका, आठवड्याभरात 27 चेंडू होतील. ते उसळत नाहीत, लागत नाहीत आणि व्हरांड्यातून चिखलात पळत नाहीत.

झेलताना मान फिरवणे हा भित्रेपणा नाही, त्या वयाची ती स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. मोठा, मऊ आणि सावकाश येणारा चेंडू घेतला की ती जाते. फुगा सर्वांत उत्तम. आधी स्वतः वर उडवून स्वतः झेलणे, मग एक टप्पा पडलेला चेंडू झेलणे आणि मग जोडीदाराने खालून हळू टाकलेला. लहान मूल चेंडू छातीशी कवटाळते, मोठे झाल्यावर हात चेंडूला सामोरे जातात आणि चेंडूबरोबर थोडे मागे येतात. मी सांगत असे की कोंबडीचे अंडे येत आहे, फुटू देऊ नका.

राहिले ‘स्किपिंग’. आपल्या भागात स्किपिंग म्हटले की सर्वांना दोरीवरच्या उड्याच आठवतात, म्हणून हा घोटाळा होतो. पुस्तिकेतले चित्र दुसऱ्या हालचालीचे असावे: एक पाऊल टाकून त्याच पायावर लहानशी उडी, मग दुसरे पाऊल टाकून त्या पायावर उडी, अशी नाचरी चाल. आनंदात असलेले मूल रस्त्याने तसे जाते. मराठीत तिला एकच रुळलेला शब्द नसल्यामुळे मी वर्गात ‘पाऊल-उडी’ म्हणत असे. ती साधारणपणे पाच-सहा वर्षांनंतर येते आणि दोन्ही पायांवर लंगडी येत नसलेल्या मुलाला ती येऊच शकत नाही. त्यामुळे तुमच्या शर्यतवाल्या मुलाला आधी डावी लंगडी द्या. पाऊल-उडी शिकताना पुष्कळ मुले एका बाजूने उडी घेतात आणि दुसऱ्या बाजूने नुसती चालतात, तेही त्या वाटेवरचेच आहे. त्याआधी घोडदौड घ्या, म्हणजे एकच पाय सतत पुढे आणि दुसरा त्याच्या टाचेला येऊन भिडतो ती चाल. ती लवकर येते आणि मुलांना अतिशय आवडते.

टिळकवाडीचे पालक

मत थोडे वेगळे आहे, सरांनी राग मानू नये. आमच्या लहानपणी आम्हाला कोणी ‘कड, पाऊल, फेक’ शिकवले नव्हते. चिंचा पाडल्या, विटीदांडू खेळलो, विहिरीत उड्या मारल्या आणि सगळे आले. मुलांना मोबाईलपासून सोडवून मोकळ्या मैदानात सोडले तर पुरे आहे. प्रत्येक गोष्टीचा अभ्यासक्रम केला की खेळाचाही गृहपाठ होतो. बेळगाव शहरात खरी अडचण शिकवण्याची नसून मोकळ्या जागेची आहे.

चिकोडीची अक्का

टिळकवाडीच्या दादांना एक विचारते. चिंचेला दगड कोण मारत होते? माझे भाऊ मारत होते. मी आणि माझ्या मैत्रिणी खाली पडलेल्या चिंचा वेचत होतो. आम्हाला जिबली (आखलेल्या घरांतून एका पायावर उड्या मारायचा ठिकरीचा खेळ), सागरगोटे आणि दोरी. भावांना विटीदांडू, गोट्या आणि चेंडू. जिबलीला आमच्या गल्लीतल्या कन्नड मैत्रिणी कुंटेबिल्ले म्हणत, पण वाटणी दोन्हीकडे अगदी एकसारखी होती. परिणाम असा की एका पायावर मी आजही अंगण पार करीन, पण चेंडू फेकताना माझाच मुलगा मला हसतो. खानापूरच्या बाईंची लंगडीत पहिली आणि फेकीत शेवटची येणारी मुलगी वाचली तेव्हा मला माझीच ओळख पटली. ‘सगळे आले’ असे आपण म्हणता तेव्हा ज्यांना ज्याचा सराव मिळाला त्यांना ते आले, एवढेच खरे आहे. तुमची चिंचेची झाडे हीच तुमची फेकीची शाळा होती, फक्त ती मुलींसाठी उघडी नव्हती.

मी स्वतः उसाच्या पट्ट्यातील एका शाळेत शिकवते. आमच्याकडे पारंपरिक खेळच घ्यावेत असे सर्वांचे म्हणणे असते आणि मलाही ते खेळ प्रिय आहेत. पण लंगडी, लगोरी, खो-खो या सगळ्यांत बाद होणे असते आणि सर्वांत आधी बाद होते ते सर्वांत कच्चे मूल. म्हणजे ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे ते दोन मिनिटे खेळते आणि पंधरा मिनिटे कडेला मातीत रेघोट्या ओढत बसते. मी गेल्या वर्षापासून नियम थोडा वाकवला आहे. बाद झालेल्या मुलाने बाहेर बसायचे नाही, कडेच्या फक्कीच्या रेषेवरून दुसऱ्या पायावर लंगडी घालत शेवटच्या टोकाला जायचे आणि परत खेळात यायचे. वर्गातल्या जुन्या खेळाडूंनी सुरुवातीला तक्रार केली, ‘बाई, मग हरले कोण?’ असे विचारले. आता विचारत नाहीत.

लंगडीबाबत निपाणीच्या सरांना एक विचारायचे आहे. आमच्या लंगडीत मागचा पाय दुमडून घट्ट धरून ठेवतात, काही मुले तर हाताने घोटा पकडतात. चांगल्या एकपायी उडीत मात्र मोकळा पाय पुढे-मागे झुलून जोर देतो असे मी वाचले आहे. मग लंगडीने सवय बिघडते का?

निपाणीकर (निवृत्त पीटी शिक्षक)

अक्का, निरीक्षण अचूक आहे. लंगडीत वळताना आणि गडी पकडताना पाय आखडून ठेवणे सोयीचे असते, तोल चटकन बदलता येतो. लांब जायचे असेल तर मोकळा पाय लोलकासारखा झुलला पाहिजे आणि हातही कोपरात वाकून बरोबर आले पाहिजेत. सवय बिघडत नाही, ती एकाच कामापुरती राहते. म्हणून लंगडी चालू ठेवा आणि शिवाय ‘तीन लंगड्यांत किती लांब’ अशी फक्कीच्या रेषांवर मोजणी घ्या. लांब जाण्यासाठी मुले पाय झुलवायला आपोआप लागतात.

टिळकवाडीकर, राग अजिबात नाही. मोकळे खेळणे हवेच. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयोगटासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते, आणि आठवड्याच्या दोन तासांतून ती कधीच भरणार नाही. पण साठ मिनिटे धावणारे मूलही फेकायला शिकत नाही, हे बाईंच्या वर्गाने दाखवलेच आहे.

फिजिओथेरपिस्ट, बेळगाव

दोन गोष्टी जोडते. पहिली उतरण्याची. मुलांना उडी मारायला सगळे शिकवतात, उतरायला कोणी शिकवत नाही. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. ‘मांजरीसारखे उतर, धप्प झाले तर पुन्हा’ एवढे सांगितले तरी पुष्कळ फरक पडतो. खानापूरकडच्या जांभ्याच्या कठीण पटांगणावर हे विशेष महत्त्वाचे आहे. बारदानांत भाताचा पेंढा भरून गादी केली तरी चालेल, फक्त ती पावसात कुजू देऊ नये आणि घसरणार नाही याची काळजी घ्यावी.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. कच्चेपणा आणि आजार यांत फरक असतो. पाच-सहा वर्षांचे मूल वारंवार पडत असेल, जिना चढताना फार अडखळत असेल किंवा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर येत असेल, तर ते सरावाने सुटणारे नाही असे समजून पालकांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. विशेषतः मुलग्यांमध्ये, पोटऱ्या फुगीर दिसत असूनही शक्ती कमी असेल, तर उशीर करू नये. पूर्वी येत असलेली हालचाल हळूहळू जाऊ लागली, तर तेही तातडीचे आहे. आमच्याकडे येणाऱ्या काही पालकांना ‘मुलगा आळशी आहे’ असे शाळेतून दोन-दोन वर्षे सांगितलेले असते.

तोल पाहण्यासाठी खेलो इंडियाच्या चाचणीतील पद्धत घरगुती साधनांनी करता येते. 5 ते 8 वयोगटासाठी त्यात एका पायावर उभे राहण्याची चाचणी आहे: 50 सेंटीमीटर लांब, 5 सेंटीमीटर उंच आणि 3 सेंटीमीटर रुंद पट्टीवर उभे राहायचे आणि 60 सेकंदांत तोल किती वेळा गेला ते मोजायचे. सुतार गावातच असतो, त्याच्याकडून एक पट्टी करून घ्यावी. मात्र आकडे वर्गात मोठ्याने वाचू नयेत.

खानापूरच्या बाई

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर व्हरांड्यात ‘कड, पाऊल, फेक’ घेतले. पायमोज्यांचे 19 चेंडू झाले आहेत, उरलेली मुले जोडीने खेळतात. लंगडीवाल्या मुलीने चौथ्या दिवशी उजवा हात आणि उजवेच पाऊल टाकले. निपाणीच्या सरांनी आधीच सांगितले नसते तर मी तिला थांबवले असते. मी शाबासकी दिली. चेंडू आता सात-आठ हातांवर जातो. भिंतीचा चुना तेवढा पडू लागला आहे, एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत त्याचा हिशेब मला द्यावा लागणार.

एक अडचण आली. पहिलीतला एक मुलगा फक्कीच्या पावलांवर उभा राहिला की चेंडू मागे तरी पडतो किंवा तो स्वतः अडखळतो. दोन दिवस मी त्यालाच समजावत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की तो डावखुरा आहे आणि मी काढलेली पावले उजव्या हाताची आहेत. त्याच्यासाठी उलटी पावले काढायची हे कळते, पण दोन जोड्या शेजारी-शेजारी काढल्या की बाकीची मुले गोंधळतात. गेरूने वेगळा रंग द्यावा म्हटले तर आमच्या तांबड्या मातीवर गेरू दिसतच नाही.

निपाणीकर (निवृत्त पीटी शिक्षक)

चुलीतला कोळसा कुटून घ्या, तांबड्या मातीवर तो ठळक दिसतो. डावखुऱ्यांची काळी पावले रांगेच्या अगदी डाव्या टोकाला काढा आणि त्याला तिथेच उभे करा, म्हणजे त्याचा हात शेजारच्याला लागणार नाही. इतर 26 जणांकडूनही आठवड्यातून एकदा काळ्या पावलांवरून डाव्या हाताने फेकून घ्या. त्या दिवशी वर्गात सर्वांत लांब चेंडू त्याचाच जाईल.